उगवेल ते बॅगेत नको



पंधरा-वीस दिवस या पानावर काही लिहिणं झालं नाही. कांदेबागेचं खत-पाणी सुरू आहे, करप्याची एक फवारणी झाली, थंडीनं पानं जरा आखडलीत, ते नेहमीचंच. आज लिहितोय ते बॅग भरण्याबद्दल. शेतीच्या पानावर बॅगेचं काय काम, असं वाटेल. पण आमच्या घरात ही बॅग भरता भरता केळीच्या बागेचाच विषय निघाला, आणि तो तुमच्या कामाचा आहे म्हणून लिहितो.

आमची थोरली लेक त्रिनिदादला असते. वेस्ट इंडीजचा ब्रायन लारा ज्या बेटावरचा, तेच. जावई तिथं पॉइंट लिसास म्हणून औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या अमोनियाच्या कारखान्यात इंजिनिअर. त्या बेटाच्या आसपास समुद्रातून नैसर्गिक वायू निघतो. त्यापासून अमोनिया आणि युरिया बनवून जहाजानं बाहेरच्या देशात जातो. म्हणजे आपण ज्या युरियासाठी दुकानासमोर रांग लावतो, तो तिथं कारखान्यातून बाहेर पडतो.

लेकीचं पहिलंच बाळंतपण आहे, फेब्रुवारीच्या शेवटी. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण एवढा लांबचा विमानप्रवास नको असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मग ठरलं की लेक माहेरी येत नाही तर माहेरच लेकीकडे जाईल. मी आणि सौ. दोघं येत्या गुरुवारी निघतोय. मुंबई, तिथून लंडन, तिथून त्रिनिदाद. परत यायला एप्रिल उजाडेल. बाग धाकट्या भावाच्या हवाली.

गावात बातमी पसरल्यावर पहिला सल्ला स्वेटरचा आला. परदेश म्हटलं की बर्फच, असं आपल्याला वाटतं. त्रिनिदाद १० ते ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्या कोचीच्या रेषेत. बारा महिने दिवसा ३०-३२ डिग्री, रात्री २२-२४. जानेवारी ते मे कोरडा हंगाम, जून ते डिसेंबर पाऊस. रावेरच्या मे महिन्यात होरपळलेल्या माणसाला तिथला उन्हाळा काही नवा नाही, फक्त हवा दमट. म्हणून सुती कपडे, लांब बाह्यांचे दोन-तीन सदरे (डास आहेत, डेंगीही आहे), एक छत्री, आणि लंडनच्या विमानतळापुरती एक-एक शाल. लोकरीचं काही नाही.

कपड्यांत एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. आपल्यापैकी बरेच जण शेतात मिलिटरी छापाची टोपी नाहीतर ट्रॅक पँट वापरतात. बाजारात स्वस्त मिळते, मळ दिसत नाही. त्रिनिदादमध्ये सैनिक सोडून कुणीही तो छाप अंगावर घालणं कायद्यानं गुन्हा आहे. जावईबापूंनी फोनवर पहिली हीच सूचना केली. माझी तसली टोपी खुंटीलाच राहिली.

सौ.नं मिक्सर काढून ठेवला होता, लेकीला गरम मसाला वाटून द्यायला. तोही कपाटात परत गेला. आपली वीज २३० व्होल्टची, तिथली ११५ व्होल्टची. आपला मिक्सर तिथं नुसता घुरघुरेल. मोबाइलच्या चार्जरवर १०० ते २४० असं छापलेलं असतं, तो चालतो. फक्त तिथली पिन चपट्या पायांची असते, तेवढा अडॅप्टर घेतला.

आता कागदपत्रं. त्रिनिदादहून भारतात परत येताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. यलो फीवर म्हणतात तो. डासांमुळे होणारा आजार, आपल्या देशात नाही आणि यायला नको म्हणून सरकार दाखला मागतं. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. घेतल्यावर १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि जन्मभर चालतो. दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेऊन ठेवू शकतात. वय साठीच्या पुढं असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी आधी बोलायचं. आम्ही दोघांनी महिनाभर आधीच घेतली. ते पिवळं कार्ड, बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवली. मोठी बॅग मागं राहिली तरी या तीन वस्तू जवळ पाहिजेत.

इथपर्यंत कुणीही सांगेल ते सांगितलं. आता बुटांकडे येतो.

माझे रोजचे बूट चांगले आहेत. दोन वर्षं झाली, अजून तळ फाटला नाही. सौ. म्हणाली, "अहो, धुवून घ्या अन् तेच न्या, नव्याला कशाला पैसे?" मी म्हटलं, हे बूट विमानात चढणार नाहीत. नवे घेतले, दुकानातून आणले ते खोक्यासकट बॅगेत ठेवले. बागेत एकदाही घातले नाहीत.

कारण सगळ्यांना माहीत आहे, पण ते आपण फार लांबचं समजतो. केळीचा पनामा मर रोग. फ्युजारियम नावाची बुरशी. ती जमिनीत राहते, मुळातून आत शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. खालची पानं कडेनं पिवळी पडतात, देठात मोडून खांबाला लोंबकळतात, खांब आडवा कापला की आत तांबूस-तपकिरी डाग दिसतात. औषध नाही. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू केळी नसली तरी जमिनीत कित्येक वर्षं, दशकं टिकतात.

याच रोगाच्या जुन्या प्रकारानं मागच्या शतकात मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या केळीबागा बसवल्या. तेव्हा जगाच्या बाजारात ग्रोस मिशेल नावाची जात चालायची. १९६० च्या आसपास व्यापारातून ती जवळजवळ संपली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटाच्या जाती आल्या. आपली ग्रँड नैन त्याच गटातली. म्हणजे रावेर, यावल, चोपड्याची आजची केळी त्या जुन्या रोगातून वाचलेल्या जातीवर उभी आहे.

आणि आता त्याच बुरशीचा नवा प्रकार, टीआर-फोर, कॅव्हेंडिशलाच धरतो. आशियातून निघाला. २०१३ मध्ये आफ्रिकेत मोझांबिकला सापडला. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेत कोलंबियात सापडला, तेव्हा त्या सरकारनं राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. २०२१ मध्ये पेरू, २०२३ मध्ये व्हेनेझुएला. व्हेनेझुएलाचा किनारा आणि त्रिनिदाद यांच्यात सगळ्यात चिंचोळ्या जागी ११ किलोमीटरचा समुद्र आहे, बस्स.

आपल्याकडे? बिहारमध्ये सापडला, उत्तर प्रदेशात सापडला, गुजरातेत सुरतेकडे, आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला. बऱ्हाणपूर म्हणजे आमच्या रावेरहून मोटारसायकलवर तासाभराच्या आत. तिथल्या बाजारात आपण जातो, तिथली गाडी आपल्याकडे येते, सोयरीक दोन्हीकडे.

हा रोग विमानात बसून कसा जातो? बुटाच्या तळव्याच्या नक्षीत अडकलेल्या चिमूटभर मातीतून. मी माझ्या बुटांच्या खाचा सुतळीच्या दाभणानं कोरून पाहिल्या. वाळलेली माती अर्धी मूठ निघाली, आणि ते बूट "धुतलेले" होते. नुसतं फिनेल किंवा ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून भागत नाही. माती तशीच असेल तर औषध मातीच्या आत पोचत नाही. आधी ब्रशनं सगळी माती काढायची, मगच औषधात बुडवायचं. बॅगेची चाकंही अशीच घासली. ती बॅग वर्षभर मोटारीच्या खोलीत, खताच्या गोण्यांशेजारी उभी होती.

कुणी म्हणेल, एवढं कुठं कुणी पाहतं? पाहो न पाहो. आपल्याकडून त्या भागात काय काय गेलंय ते वाचलं की माणूस आपोआप बूट घासायला बसतो.

द्राक्षवाल्यांना गुलाबी पिठ्या ढेकूण, मिलीबग, सांगायला नको. ही आपल्या बाजूची, आशियातली कीड. १९९४ मध्ये ती कॅरिबियनमध्ये ग्रेनाडा बेटावर सापडली, १९९५ मध्ये त्रिनिदादला. जास्वंदीपासून मोठमोठ्या सावलीच्या झाडांपर्यंत सगळ्यांना लागली. तिथं तिला खाणारं कुणी नव्हतं. मग काय केलं, तर तिचे शत्रू शोधून आणले. त्यात आपल्या भारतातून नेलेले ढालकिडे होते. आपण द्राक्षबागेत सोडतो तोच क्रिप्टोलिमस. कीड कशी गेली ते कुणाला कळलंही नाही, पण मित्रकीटक न्यायला परवाने, तपासणी, प्रयोगशाळा, विमान, सगळं करावं लागलं.

दुसरी, नारळाची लाल कोळी. तिच्या शास्त्रीय नावातच "इंडिका" आहे, कारण तिची पहिली नोंद १९२४ मध्ये आपल्या कोइमतूरच्या नारळावरून झाली. २००४ मध्ये ती मार्टिनिक बेटावर निघाली, २००६ मध्ये त्रिनिदादला. नारळाबरोबर केळीच्या पानावरही बसते. आता पाहुणा म्हणून जाताना अजून एक काही घेऊन जायचं का?

मग स्वयंपाकघराची पाळी आली. तिकिटावर माणशी २३ किलोची एक बॅग. घड मोजायचा आमचा टांगता काटा आहे, त्यालाच बॅग अडकवून पाहिली (काटा आधी पुसून घेतला). सौ.नं ओट्यावर जे मांडलं होतं ते दोन बॅगांत काय, ट्रॉलीतही बसलं नसतं. घरचा गहू, उडीद, तुरीची डाळ, ओली हळद, कढीपत्त्याची रोपटी, अळीव, खसखस, बाळगुटीच्या मुळ्या, डिंकाचे लाडू, कळण्याचं पीठ, बिबडे, काळा मसाला.

लेकीनं तिथल्या शेतीखात्यात फोन करून विचारलं. माती, रोपं, कंद, बियाणं, ताजी फळं-भाज्या यातलं काहीही परवान्याशिवाय चालत नाही. आम्ही मग प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न लावले. पेरलं तर उगवेल का? माती चिकटलेली आहे का? किडीला बसायला जागा आहे का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर ती वस्तू घरी.

कढीपत्ता आणि ओली हळद पहिल्याच प्रश्नाला गेली. गहू, उडीद आणि डाळ तिसऱ्याला. साठवणीच्या धान्यातला खपरा भुंगा आपल्याला नवा नाही. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत न खाता महिनोन्‌महिने दडून राहते, जगभरचे देश त्याला घाबरतात. सौ. अळिवासाठी भांडली. बाळंतिणीला अळीव नाही म्हणजे काय! मी म्हटलं, उगवण चाचणी घेऊ, सोयाबीनची घेतो तशी. ओल्या फडक्यावर दहा दाणे टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोड. ती हसली आणि म्हणाली, "नव्वद टक्के, लेबल लावून विका." अळीव मग तुपात भाजून लाडवात गेला. भाजलेला दाणा उगवत नाही.

खसखस काढली ती दुसऱ्या कारणानं. दुबईसारख्या ठिकाणी खसखस अमली पदार्थाच्या कायद्यात मोडते, लोकं त्यापायी अडकलीत. आम्ही त्या वाटेनं जात नाही, पण विमान ऐनवेळी कुठून फिरवतील सांगता येत नाही. लाडू खसखशीविना. बाळगुटीचं लेकीनंच सांगून टाकलं, की तिथली डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको म्हणते. आपल्याकडच्या आशाताईही तेच सांगतात. मुळ्या राहिल्या.

आणि खरं सांगू, तिथं उपाशी मरायची वेळ नाही. त्रिनिदादमध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा लोक भारतीय वंशाचे. चागुआनास गावच्या बाजारातून लेक व्हिडिओ कॉल करते तेव्हा सौ. तोंडाला पदर लावून हसते. चवळीच्या लांब शेंगांना ते "बोडी" म्हणतात, वांग्याला बैगन. वांगं निखाऱ्यावर भाजून लसूण-मिरची घालून ठेचतात, त्याला म्हणतात "बैगन चोका". अहो, हे तर आपलं खानदेशी भरीत! अळूच्या पानाला डाळीचं पीठ लावून तळतात, त्याचं नाव "सहीना". अळूवडीची चुलत बहीण. डाळपुरी आहे, आंब्याचं लोणचं आहे, तूप आहे. म्हणून तुपाचा डबाही काढला.

शेवटी खाण्यापैकी राहिलं काय? लाडू, पीठ, मसाला, बिबडे. सगळं भाजलेलं, दळलेलं, शिजवून वाळवलेलं. नवीन पिशव्यांत सीलबंद, वर नाव लिहून. आणि तिथल्या कस्टमच्या कागदावर "खाण्याचे पदार्थ आहेत" असं सरळ लिहायचं. नको म्हणाले तर काढून ठेवतील, लाडवांवर पाणी सोडू. लपवून काही न्यायचं नाही.

आता आईचं सांगतो. तिचं वय ८२. ती येणार नाही. पतवंडाला पाहायला मिळेल ते मोबाइलवर. तिनं दोन दिवस काही मागितलं नाही, तिसऱ्या दिवशी कुंकवाची पितळी डबी माझ्या हातात ठेवली. उघडली तर आत आपल्या विहिरीजवळच्या शेताची माती. म्हणाली, "पोराच्या कपाळाला लाव. तिकडं जन्मलं तरी इथलं आहे, तेवढं कळू दे त्याला."

मी तिला सगळं समजावलं. बुरशी, बीजाणू, बऱ्हाणपूर. ती ऐकून घेते, मग एकच बोलते. "रोग आहे म्हणतो त्या मातीत, अन् आपण तिचंच खातो की रे बाबा."

मी म्हटलं, आपल्या बागेत रोग नाही. मग म्हणाली, "मग ने." इथं मला थांबावं लागलं. कारण आपल्या बागेत रोग दिसलेला नाही, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो. झाडावर दिसायच्या आधी तो जमिनीत असू शकतो. माझ्या बागेत गेल्या वर्षी किती गाड्या आल्या, किती कोयते आले, त्यांच्या चाकाला कुठली माती होती, याची नोंद माझ्याकडे काय, कुणाहीकडे नसते.

आईनं आणखी एक मुद्दा काढला. तो नातीनंच तिला फोनवर सांगितलेला. त्रिनिदादला आपली माणसं गेली ती १८४५ ला. फातेल रझाक नावाचं पहिलं जहाज ३० मे १८४५ ला तिथं लागलं. १९१७ पर्यंत उसाच्या मळ्यांत राबायला कराराची मजुरं जात राहिली, एकूण १ लाख ४० हजारांवर. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, कलकत्त्याहून चढलेली. प्रत्येकाजवळ एक गाठोडं. तिथं आजही त्याला "जहाजी बंडल" म्हणतात. त्या गाठोड्यांतून बिया गेल्या, हळद गेली, असं तिथली म्हातारी माणसं सांगतात. आई म्हणाली, "त्यांनी नेलं ना? त्यांना कुणी अडवलं?"

याचं उत्तर मी तिला दिलं ते असं. त्यांना परत यायचं तिकीट मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता. मूठभर बी हाच त्यांचा संसार होता. आणि तेव्हा रोग मातीतून जातो, मुनव्यांतून जातो, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुनवे एका देशातून दुसऱ्या देशात नेता नेताच तर पनामा रोग जगभर पसरला. मला ठाऊक आहे. ठाऊक असून नेलं तर तिथल्या केळीवाल्यानं मला काय म्हणावं? त्याचीही आई घरी असेल, त्याचंही बँकेचं देणं असेल.

आई पटलं असं म्हणाली नाही. डबी उचलून देव्हाऱ्यात ठेवली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका दुपारी पेटीतून तिची दोन जुनी नऊवारी लुगडी काढली, धुऊन, उन्हात कडक वाळवून, चार पदरी दुपटं शिवायला बसली. हात थरथरतात, टाके वाकडे आलेत. सौ.नं शिवणकामात हात लावायला पाहिला तर तिनं लावू दिला नाही. त्या दुपट्याचं वजन भरलं एक किलो शंभर ग्रॅम. त्याच्यासाठी बिबड्यांची एक पिशवी बाहेर काढली. तिन्ही प्रश्नांना ते उतरतं: उगवत नाही, माती नाही, कीड नाही.

परत येतानाची बॅगही आत्ताच ठरवून ठेवली आहे, कारण फर्माइशी सुरू झाल्यात. एका मित्राला त्रिनिदादच्या मोरुगा स्कॉर्पियन मिरचीचं बी पाहिजे. जगातल्या सगळ्यात तिखट मिरच्यांत तिचं नाव आहे. एकानं कोकोचं फळ मागितलं, कारण कोकोची ट्रिनिटारिओ जात त्याच बेटावरची. एकानं तर सांगितलं, तिथल्या केळीचा कंद चोरून आण, इथं टिश्यू करू.

तिघांनाही नाही म्हटलं. केळीच्या मोको रोगाचं नाव कुठून आलं माहीत आहे? त्रिनिदादमध्ये मोको नावाची केळीची जात होती. ती एका जिवाणूजन्य मर रोगानं बसली. १९११ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञानं तो रोग नोंदवला आणि जातीचं नाव रोगाला चिकटलं. तो कापायच्या हत्यारावरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो, कंदातून तर जातोच. आपल्या देशातही वनस्पती विलगीकरणाचा २००३ चा आदेश आहे. बी, कंद, रोप आणायचं तर आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हे काम संशोधन संस्थांचं, माझ्या बॅगेचं नाही. मिरचीचं म्हणाल तर तिथल्या तिखट सॉसची सीलबंद बाटली आणतो. मित्रानं चमचाभर खाऊन दाखवावी, मग बियाण्याचं बोलू. येताना तिथं घातलेले बूटही तसेच ब्रशनं घासून, औषधात बुडवून आणायचे, किंवा तिथंच ठेवून यायचे.

हे सगळं चालू असताना भाऊ बाजूला बसून ऐकत होता. तो म्हणाला, "दादा, साता समुद्रापलीकडच्या केळीसाठी तू चाकं घासतोस. अन् आपल्या बांधावर रोज कटाईची टोळी येते, काल कुठं होती ते तू विचारतोस का?"

बोलणं खरं होतं. म्हणून निघण्याआधी दोघांनी मिळून बागेची व्यवस्था बसवली आहे. तुम्हालाही जमण्यासारखी आहे.

बागेला आता एकच रस्ता, बाकीच्या वाटा काटेरी फांद्या टाकून बंद. व्यापाऱ्याची गाडी बांधाबाहेरच उभी राहील, घड आमची माणसं बाहेर आणून देतील. याला मजुरी थोडी जास्त पडते, हिशेबात धरली आहे. कटाईच्या टोळीसाठी कोयते आमचे, बागेतच राहणारे. बाहेरचा कोयता आत नाही. फाटकाशी एक टाकी, दोन कडक ब्रश, आणि औषधाच्या पाण्याचा उथळ हौद. आधी ब्रश, मग हौद, हा क्रम पाटीवर लिहून ठेवला. येणाऱ्यांसाठी रबरी बुटांचे चार जोड घेतले, ते बागेतच राहतील. रोपं फक्त टिश्यूची, पावती असलेल्या नर्सरीतून. शेजाऱ्याचे मुनवे फुकट मिळाले तरी नको. आणि एक शंभर पानी वही: कोण आलं, कुठून आलं, गाडीचा नंबर. एखादं झाड खालून पिवळं पडताना दिसलं तर ते उपटून बांधावर फेकायचं नाही. आहे तिथंच दोरी लावून वाट बंद करायची आणि कृषी विज्ञान केंद्रात कळवायचं. नमुना त्यांनीच घ्यावा.

पहिल्याच दिवशी एक व्यापारी चिडला. म्हणाला, "पाटील, तुमची बाग आहे का विमानतळ?" भावानं त्याला चहा पाजला आणि ब्रश हातात दिला. त्यानं बूट घासले. निघालेली माती त्यानं स्वतःच पाहिली आणि गप्प राहिला.

बॅगा आज संध्याकाळी बंद केल्या. एक २२ किलो ६००, दुसरी २१ किलो ९००. आईचं दुपटं सगळ्यात वर ठेवलंय, उघडल्याबरोबर हाताला लागेल असं. भावासाठी भिंतीवर कागद लावलाय: ठिबकचे तास, खताचा हप्ता, करप्याची पुढची फवारणी, पिलं कापायची तारीख. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तासांनी मागं आहे. आपल्या सकाळी सातला तिथं आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतील. रोज तेव्हा फोन करायचा असं ठरलंय. आधी आईशी बोलेन, मग बागेचं विचारेन.